त्र्यंबकरावांच्या नावाचा पारा

ते भांडण सुनेत्राबाईंनी ऐकलं तेव्हा त्यांच्या हातात सोऱ्या होता आणि सोऱ्यात कुरडयांचा गरम चीक. मागच्या अंगणात जुनी चादर पसरून ठेवलेली. मध्ये जाळीचं दार. दाराच्या आत बाई आणि बाहेर पायरीवर बाप-लेक.

"बाबा, सॅन होजेचा तो जॉब तुम्ही का नाही घेतला? खरं सांगा. त्या बॉक्ससाठी ना?"

"बॉक्स काय म्हणतेस? हवामानाची पेटी आहे ती."

"लाकडी खोकं आहे! कबुतरं ठेवतात तसलं."

"चौदा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही माझा. एक दिवस! आपण निघून गेलो तर रोज पाच वाजता ती उघडणार कोण?"

"आणि आई? तिला इथे राहायचंय का, हे तिला कधी विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? मजेत आहे ती."

"हाउ डू यू नो?"

"नसती तर बोलली असती."

सतरा वर्षांची दीपा पाय आपटत निघून गेली. त्र्यंबकराव वर्तमानपत्र उघडून बसले. एकदा खाकरावं आणि बाहेर जावं, असं बाईंच्या मनात आलं. पण चीक गार व्हायला लागला होता, आणि गार चिकाच्या कुरडया तुटतात. तेव्हा आधी कुरडया घालू, मग आपण मजेत आहोत की नाही ते सावकाश बघू, असं त्यांनी ठरवलं. ते बघायचं पुढे राहूनच गेलं. संसारात बायकांची असली पुष्कळ कामं राहून जातात.

ही गोष्ट पंच्याहत्तर सालच्या मे महिन्याची. गावाचं नाव पालो सेको. त्याचा अर्थ वाळकं लाकूड. ॲरिझोनाच्या वाळवंटात ज्या कुणी ते नाव ठेवलं, त्याने निदान खोटं बोलायचं नाही एवढं ठरवलेलं असणार. एक रस्ता, त्याच्या एका अंगाला कापसाची शेतं आणि कालवा, दुसऱ्या अंगाला निवडुंग. माणसाहून उंच, हात वर केलेले निवडुंग. सुनेत्राबाई नव्याने आल्या तेव्हा संध्याकाळी त्यांना वाटायचं, कुणीतरी दरोडा घालतंय आणि ही सगळी मंडळी हात वर करून उभी आहेत.

त्या भुसावळच्या. उन्हाचं त्यांना कौतुक नव्हतं. शाळा चौथीपर्यंत, तीही नदीकाठच्या देवळात भरणारी. लग्न झालं ते त्र्यंबक चिंचोरे नावाच्या कापसात डोकं घातलेल्या माणसाशी. कपाशीवरची कीड हा त्यांचा विषय. त्यावरच शिकायला ते अमेरिकेत आले, शिकून झाल्यावर इथल्या सरकारी शेतावर चिकटले आणि पोर वर्षाची झाल्यावर बायकोला बोलावून घेतलं. भुसावळच्या उन्हातून उचललेली बाई थेट दुसऱ्या उन्हात येऊन पडली. मधला सगळा गारवा तिने विमानाच्या खिडकीतून पाहिला तेवढाच.

एकसष्ट सालच्या मे महिन्यात हवामान कचेरीची माणसं आली आणि अंगणात ती पेटी उभी करून गेली. चार पायांवर, पांढरी, झडपांची, दार उत्तरेला. आत आडव्या दोन नळ्या. एकीत पारा, तो दिवसभर चढतो आणि चढला तिथेच थांबतो. दुसरीत रात्रीचा थंडावा अडकून राहतो, टाचणीएवढ्या काडीवर. रोज संध्याकाळी पाच वाजता दोन्ही आकडे फॅरनहाइटमध्ये वाचायचे, कागदावर मांडायचे, पाऱ्याची नळी गरकन फिरवून पारा खाली आणायचा, आणि महिना संपला की कागद पाकिटात घालून पोस्टात टाकायचा. मोबदला काही नाही. फिनिक्सचे मराठी लोक दिवाळीला एकत्र जमले की म्हणायचे, "त्र्यंबकचा देव्हारा काय म्हणतोय?" देव्हाराच म्हणायचा, फक्त चप्पल काढायची सोय नाही. पाय भाजतात.

वाळवंटातला एप्रिल-मे म्हणजे वाळवणाला वैकुंठच. सकाळी घातलेली कुरडई दुपारी जेवणाआधी खणखणीत वाजते. पण त्यात काही राम नाही, असं सुनेत्राबाईंचं मत. कावळा नाही, ढग नाही, "अगं उचला उचला" म्हणून धावायचं नाही, गच्चीवरून चीक पळवणारी पोरं नाहीत. राखण नसलेलं वाळवण म्हणजे नुसतं धान्याचं काम. रेडिओवर रोज सकाळी सहाला पुढच्या पाच दिवसांच्या हवेचा अंदाज सांगत: आकाश निरभ्र, वारा नैर्ऋत्येचा, दुपारी कडक ऊन. पाचही दिवस तेच. "यात सांगायचं काय?" असं बाई विचारत. "भुसावळला वैशाखात ऊन पडणार म्हणून कुणी दवंडी पिटतं का?"

त्र्यंबकराव म्हणत, "तुला कळत नाही."

ते खरं होतं. पण कळावं म्हणून कधी कुणी सांगितलंही नव्हतं.

एकोणऐंशीच्या ऑक्टोबरात त्र्यंबकराव गेले. छातीत दुखलं, शहरातल्या हॉस्पिटलात नेलं, दुसऱ्या दिवशी पहाटे संपलं. दीपा तेव्हा शिकायला सांता क्लाराला होती. ती आली, फिनिक्सहून दोन कुटुंबं आली, शेतावरचे टोप्यावाले लोक आले आणि कुणी खाण्याचा डबा, कुणी फुलं ठेवून गेले. त्या सगळ्या गर्दीत पाच वाजले, तेव्हा सुनेत्राबाईंच्या पायांनी आपणच अंगणाचा रस्ता धरला. अठरा वर्षं त्यांनी ओट्याच्या खिडकीतून हे पाहिलं होतं. दार उघडलं, वाचलं, नळी फिरवली. मग कागद काढला, तर कागदावर खाली सही तयारच होती.

त्र्यंबकरावांची ती खोड होती. जानेवारीत बसून वर्षाच्या बाराही कागदांवर सह्या ठोकून ठेवायच्या. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरचे कागद त्यांची सही घेऊन फडताळात पडलेले होते. माणूस गेला आणि सही उरली. बाईंनी ते तीन महिने भरले, पाठवले. जानेवारी उजाडला तेव्हा कोरे कागद पुढ्यात आले. कचेरीला कळवायचं तर इंग्रजीत पत्र हवं. दीपाला सांगायचं तर ती पेटी उचलून न्या म्हणून लिहील. दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी रांगोळीचे ठिपके जोडतात तशी सुनेत्राबाईंनी नवऱ्याची सही जोडली. बरी आली. फेब्रुवारीत आणखी बरी आली.

कुणी म्हणेल, एवढं कशाला? पण बँकेने नाव काढलं होतं, विजेच्या बिलावरून नाव गेलं होतं, मोटारीच्या कागदावरून गेलं होतं, टेलिफोनच्या पुस्तकातूनही पुढच्या वर्षी गेलं. सगळ्या अमेरिकेत हवामान कचेरी ही एकच जागा, जिथे त्र्यंबक चिंचोरे रोज संध्याकाळी पाच वाजता अंगणात जात होते. कागदोपत्री का होईना, माणूस हिंडत-फिरत होता. त्याला आपल्या हाताने कसं मारायचं?

गावाला सगळं माहीत होतं. गावाला वाटायचं, कचेरीलाही माहीत असेल. अशी झाकली मूठ जवळजवळ सात वर्षं चालली.

शहाऐंशीच्या मे महिन्यात पत्र आलं. पोस्टातल्या नेलने चष्मा लावून ते काउंटरवरच वाचून दाखवलं. मिस्टर टी. जी. चिंचोरे यांनी पंचवीस वर्षं अखंड सेवा केली. त्यांच्या कोटाला कचेरीतर्फे पिन लावण्यासाठी मिस्टर हॅगर्टी स्वतः बुधवारी, एकवीस तारखेला येत आहेत.

नेलने चष्मा काढला. "हनी, कोटाला म्हणतायत."

"हो, ऐकलं," सुनेत्राबाई म्हणाल्या.

रविवारी फोन स्वस्त असतो, तेव्हा दीपाचा फोन यायचा. त्या रविवारी बाईंनी तिला सगळं सांगून टाकलं. 

"आई! तू सात वर्षं बाबांची सही करतेयस? दॅट्स फोर्जरी!"

"म्हणजे?"

"खोटी सही!"

"खोटी कुठे गं? हुबेहूब येते."

"आई, प्लीज. दिस इज नॉट फनी. ते लोक सगळे रीडिंग्ज कॅन्सल करतील. खोट्या माणसाचे आकडे कोण ठेवणार? मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको. मी आहे ना इथे."

"आणि तुझ्या डोळ्यांतल्या मोतीबिंदूचं? मी तिकीट बुक करतेय. ऑपरेशन इकडे करू, दोन-तीन महिने राहा. मग बघू."

"मग बघू" हे वाक्य बाईंना चांगलं ओळखीचं होतं. त्या हो म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर एकच शब्द डोक्यात राहिला: कॅन्सल. सही कॅन्सल झाली तर झाली, ती होतीच दुसऱ्याची. पण आकडे त्यांचे होते. चौथी शिकलेल्या बाईने जन्मात जे काही कागदावर लिहिलं, ते एवढंच. माहेरची पत्रं सोडली तर बाकी सगळं आयुष्य पोळ्यांवर लिहिलेलं, आणि ते लोकांनी खाऊन टाकलं. चोवीसशे संध्याकाळी. तापात असतानाच्या, वावटळीतल्या, वर्षश्राद्धाच्या दिवशीच्यासुद्धा. त्या सगळ्या फाडून टोपलीत जाणार होत्या, कारण खाली नाव चुकीचं होतं.

बुधवारपर्यंत त्यांनी एक इंग्रजी वाक्य पाठ केलं. मिस्टर चिंचोरे इज नो मोर. ओट्याशी म्हणून पाहिलं, कूलरच्या घरघरीत म्हणून पाहिलं. पेटीसमोर उभं राहून मात्र म्हणवेना.

हॅगर्टी दहाला आला. ताडमाड, मोठी हॅट, शर्टाच्या खिशात चार पेनं. हातात एक छोटी डबी आणि कागदांचं जाड बाड. बाईंनी त्याला कूलरखाली बसवलं, घरच्या लिंबाचं सरबत दिलं. त्याने घोट घेतला आणि थबकला.

"यात मीठ आहे?"

"आहे. उन्हातून आलात ना?"

त्याने ग्लास रिकामा केला. आणखी मागितला. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "मिस्टर चिंचोरे आहेत ना?"

पाठ केलेलं वाक्य बाईंनी म्हटलं. एका दमात. हॅगर्टीने हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. पण त्याच्या चेहऱ्यावर धक्का काही दिसला नाही.

"ऑक्टोबर एकोणीसशे एकोणऐंशी?" त्याने हळूच विचारलं.

आता दचकायची पाळी बाईंची होती. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या चारने."

त्याने बाडातून दोन कागद काढून शेजारी शेजारी मांडले. एक सप्टेंबरचा, एक नोव्हेंबरचा. सप्टेंबरच्या चाराला ताठ पाठीचा कणा होता. नोव्हेंबरचे चार सगळे वरून उघडे, खाली गाठ मारलेले. भुसावळच्या देवळातल्या शाळेत धुळाक्षरांवर गिरवलेला ४. एक, पाच, सात, नऊ यांना बाईंनी इंग्रजी वळण लावलं होतं. चार मात्र बोटांतून बाहेर पडायचा तो आपल्याच घरचा. त्यांना स्वतःला ते कधी दिसलंच नव्हतं.

"आमच्या कचेरीतल्या टायपिस्ट मुलीने हे आठ वाचले," हॅगर्टी म्हणाला. "त्या महिन्यात तुमच्याकडे एका दिवशी दुपारी चौऱ्याहत्तर आणि पहाटे चव्वेचाळीस होते. तिने टाइप केलं अठ्ठ्याहत्तर आणि अठ्ठ्याऐंशी. सबंध कचेरी हसली. पालो सेकोत रात्र दिवसापेक्षा गरम! मग मी जुने कागद काढून बसलो. लक्षात आलं, हा आठ नव्हे, चार आहे. आणि लिहिणारा हात दुसरा आहे. एकोणीस ऑक्टोबरपासून."

"मग विचारलं का नाही?"

हॅगर्टीने हॅटची कड बोटांनी फिरवली. "विचारलं असतं तर तुम्ही उत्तर दिलं असतं. उत्तर आलं असतं तर मला ते फायलीत लावावं लागलं असतं. आकडे बरोबर येत होते, मॅडम. एक दिवस रिकामा नाही. मी म्हटलं, घरात कुणीतरी आहे. आहे तोवर असू दे. मीच दर महिन्याला तुमचे आठ पुसून चार करतो."

 जवळजवळ सात वर्षं शंभर मैलांवरच्या एका कचेरीत एक माणूस आपले चार ओळखत होता, आणि आपण इथे समजत होतो की आपण असल्याचं कुणाला ठाऊक नाही.  सुनेत्राबाईंनी आत जाऊन कढई ठेवली आणि चार कुरडया तळून आणल्या.

कुरडई फुललेली बघून हॅगर्टीला आधी वाटलं, शोभेची आहे. मग त्याने खाल्ली. मग दुसरी घेतली.

"ते कागद फेकणार?" बाईंनी शेवटी विचारलंच.

"फेकणार?" त्याने बाडातून आणखी एक छापील पान काढलं. पुढच्या तीस दिवसांचा हवेचा अंदाज होता तो. नकाशावर ॲरिझोना गडद रेघांनी भरलेला. "इथे काय लिहिलंय? जून महिना नेहमीपेक्षा गरम जाईल. आता मला सांगा, नेहमी म्हणजे किती?"

"मला काय ठाऊक?"

"तुम्हालाच ठाऊक. गेल्या कित्येक वर्षांच्या रोजच्या आकड्यांची सरासरी काढली की आमचा नेहमी तयार होतो. या भागाचा नेहमी तुमच्या अंगणातून येतो. ही सात वर्षं फेकली तर आम्ही कशापेक्षा गरम म्हणून सांगणार?"

बाई त्या पानाकडे बघत राहिल्या. रोज सकाळी रेडिओवर तेच ते सांगतात म्हणून त्यांनी पंचवीस वर्षं नाक मुरडलं होतं.

"कागद राहतील," हॅगर्टी म्हणाला. "पण नाव दुरुस्त करावं लागेल. मोठ्या वहीत लिहायचंय. एकसष्ट ते एकोणऐंशी, टी. जी. चिंचोरे. त्यापुढे कोण? तुमचं पूर्ण नाव सांगा."

इथे बाई अडल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं. घेतलं असेल ते लग्नात, उखाण्यात, घासाबरोबर. एरवी "हे" आणि "अहो". पण पूर्ण नाव म्हटलं की ते टाळता येत नाही, मध्येच बसलेलं असतं.

"सुनेत्रा," त्या म्हणाल्या. मग पदर सावरला. "सुनेत्रा त्र्यंबक चिंचोरे."

"मधलं नाव काय? त्रिंबक?"

"त्र्यंबक."

"ते तर त्यांचं नाव ना?"

"माझंही मधलं तेच. आमच्यात तसंच असतं."

 हॅगर्टीने लिहिलं, एस. टी. चिंचोरे. म्हणाला, "चला, म्हणजे टी कुठे गेलाच नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर न हसता पुढच्या ओळीकडे वळला. "आता जूनपासून तुमच्याच नावाने चालू ठेवू. इथे सही करा."

त्याने पेन पुढे केलं. बाईंनी घेतलं नाही.

"पेटी घेऊन जा," त्या म्हणाल्या.

"का? मी सांगितलं ना, कुणी काही म्हणणार नाही."

"म्हणण्याचं नाही हो." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "ती पेटी मला दोन दिसते. दोन पेट्यांत चार नळ्या. त्यातली खरी कुठली ते मी आठवणीने ठरवते. रामनवमीपासून जास्त झालंय." रामनवमी त्याला कळली नाही, म्हणून म्हणाल्या, "एप्रिलपासून. ज्या दिवशी खात्री नव्हती, त्या आकड्याशेजारी मी ठिपका दिलाय. बघा."

हॅगर्टीने एप्रिलचा कागद डोळ्यांजवळ धरला. नऊ ठिपके होते.

"मी समजलो माशी बसली."

"माशी नव्हे, मी. सात वर्षं खोटं नाव चालवलं मी. खोटा आकडा नाही चालवणार."

मग त्याने आग्रह केला नाही. अग्निशामक केंद्राच्या आवारात विजेवर चालणारा मापक बसवायचं कधीपासून घाटत होतं, ते एक जूनपासून करू म्हणाला. पेटी न्यायला गाडी पुढच्या आठवड्यात येईल. "आजच नेली तरी चालेल," बाई म्हणाल्या, आणि लगेच, "नको. महिना अर्धवट टाकू नये. ठिपके देईन." त्याने मान हलवली. जाताना दारात थांबून त्याने डबी पुढे केली. कोट तर घरात उरला नव्हता. बाईंनी डबी घेतली.

ती पिन कुठे ठेवावी याचा त्यांना दुपारभर प्रश्न पडला. देवापुढे ठेवावी तर तो काही प्रसाद नव्हे. फडताळात ठेवावी तर हरवेल. शेवटी जुना कुंकवाचा करंडा काढला. सात वर्षं रिकामाच होता. त्यात नेमकी मावली.

मग उरले दहा दिवस. अंदाजाने सांगितलं तसंच ऊन चढत गेलं. पालो सेकोत दरवर्षी पैज असते: पारा पहिल्यांदा शंभराला कुठल्या दिवशी पोचणार? नेल पोस्टाच्या भिंतीला कागद लावते, त्यावर सगळं गाव तारखा लिहितं. निकाल बाईंच्या अंगणात लागतो. रविवारी पाच वाजता नेल स्वतः आली, बरोबर पैजेवाले पाच-सात टोप्यावाले. सगळे पेटीपासून अदबीने दूर उभे राहिले. सुनेत्राबाईंनी दार उघडलं. दोन पारे दिसले. एका डोळ्यावर हात धरला, तरी दीड दिसला. त्यांनी नेलला जवळ बोलावलं.

"तू वाच."

"मी? हनी, मी कधी..."

"वाच गं. डोळे आहेत ना तुला?"

नेलने वाकून वाचलं. "शंभर. बरोबर शंभर."

टोप्यावाल्यांनी आरोळी ठोकली. शेतावरचा एक म्हातारा ड्रायव्हर जिंकला होता. "शंभर भरले," सुनेत्राबाई मराठीत म्हणाल्या. भुसावळला असं कुणी म्हटलं तर लोक दचकून विचारतील, कुणाचे? त्र्यंबकराव दरवर्षी विचारायचे. आणि त्या दरवर्षी म्हणायच्या, "तुमचेच, दुसऱ्या कुणाचे?" आणि दोघं हसायची. आता विचारायला कुणी नव्हतं. गर्दी मोटारींत बसून गेली. बाईंनी नळी फिरवली, शंभर खाली उतरवले आणि कागदावर लिहिले. त्या आकड्याला ठिपका द्यावा लागला नाही.

त्यानंतरचे दिवस मोठे होते. सकाळी सहाला अंदाज, मग चहा, मग कूलरच्या भुशाच्या ताट्यांवरून झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज. वाळ्याचा वास नसलेला गारवा. घर आवरायला घेतलं, पण एकट्या बाईचं घर आवरून आवरून किती वेळ पुरणार? गुरुवारचं विमान होतं. बॅगेत त्यांनी दोन साड्या, कुरडयांचा डबा, करंडा ठेवला. "परत कधी?" नेलने विचारलं होतं. "डोळ्यांना विचारून सांगते," असं त्या म्हणाल्या होत्या.

एकतीस तारखेला शनिवारी पाच वाजता शेवटचं वाचलं. एकशे चार, अडुसष्ट. चार दोनदा लिहावा लागला. पहिल्यांदा त्यांनी मुद्दाम कणा ताठ काढायचा प्रयत्न केला, तर तो खुर्चीसारखा दिसायला लागला. खोडला, आणि शेजारी आपल्या हाताचा काढला. हॅगर्टी बघून घेईल. शेजारी ठिपका. खाली सही केली, एस. टी. चिंचोरे. दुसऱ्याची सही इतकी वर्षं सफाईने करणारा हात स्वतःच्या सहीला अडखळला. टी तेवढा झोकात आला.

सोमवारी गाडी येऊन पेटी घेऊन गेली. चार पायांचे चार खड्डे राहिले. बाईंनी त्यात पाणी ओतलं, म्हणजे कुणाचा पाय मुरगळू नये म्हणून माती बसेल. मग हात धुतले, पाकीट घेतलं, छत्री घेतली. पालो सेकोत उन्हात छत्री घेऊन चालणारी बाई एकच, त्यामुळे मोटारी आपसूक हळू होतात. कालव्याच्या कडेने, बाभळीसारख्या त्या पिवळ्या झाडांच्या सावलीतून पोस्टापर्यंत वीस मिनिटं.

पोस्टात दोन माणसं पुढे होती. बाई रांगेत उभ्या राहिल्या. पाळी आल्यावर पाकीट काउंटरवर ठेवलं.

"मे?" नेलने विचारलं.

"मे."

नेलने शिक्का मारला, पाकीट मागच्या टोपलीत टाकलं. मग रोजचा पारा लिहायच्या बाहेरच्या पाटीसाठी खडू उचलला. "आज कुठवर जाईल?"

सुनेत्राबाईंनी दारातून बाहेर पाहिलं. आकाश पांढरं पडायला लागलं होतं, वारा नैर्ऋत्येचा.

"एकशे तीन," त्या म्हणाल्या, आणि छत्री उघडून घराकडे निघाल्या.